शेअर सर्टिफिकेटं कागदावरून उतरली तेव्हा: डिमॅटचा प्रकरण अभ्यास

ऑफिसातले कागद डिजिटल करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी आधी स्कॅनर येतो. मग एखाद्या ट्रेनीला फायलींपुढे बसवतात, 'स्कॅन ००४७' अशा नावांच्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये साठत जातात आणि मूळ फायली कपाटात तशाच राहतात. ऑडिटरने ओरिजिनल मागितलं तर काय, ही धास्ती असतेच. वर्षभराने बघावं तर कपाटही भरलेलं आणि हार्ड डिस्कही. खर्च दुप्पट, फायदा शून्य.

या पद्धतीच्या अगदी उलट जाऊन तडीस गेलेलं एक काम आपल्या मुंबईत झालं आहे. १९९६ पासून पुढच्या काही वर्षांत देशाच्या शेअर बाजाराने कागदी शेअर सर्टिफिकेट व्यवहारातून हद्दपार केलं आणि शेअर संगणकातल्या खात्यांत नोंदले. यालाच डिमॅट म्हणतात. त्यात कंपन्या, ब्रोकर, बँका, रजिस्ट्रार आणि सामान्य गुंतवणूकदार असे सगळेच ओढले गेले. 'कागद डिजिटल केल्याने धंद्याला काय मिळतं' या प्रश्नाचं उत्तर एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा या प्रकरणात जास्त चांगलं सापडतं, म्हणून ते जरा तपशिलात बघू.

आधी काय होतं

सप्टेंबर १९९२ मध्ये परदेशी संस्थांना भारतीय बाजारात गुंतवणुकीची परवानगी मिळाली. ३ नोव्हेंबर १९९४ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर शेअरचे सौदे संगणकाच्या पडद्यावर सुरू झाले आणि मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही बोल्ट ही आपली यंत्रणा आणली. दलाल स्ट्रीटच्या रिंगणातला आरडाओरडा थांबला. नागपूरच्या किंवा इंदूरच्या ब्रोकरच्या पडद्यावर मुंबईचाच भाव दिसू लागला, सौदा क्षणात होऊ लागला.

पण सौदा झाला म्हणजे शेअर मिळाला, असं नव्हतं. दुकानाचा पुढचा काउंटर संगणकाचा आणि मागचं गोदाम मात्र कागदाचं, अशी गत होती. काउंटर वेगाने चालू लागल्यावर गोदामाचा आणखीच विचका झाला.

त्या गोदामात काय चालायचं ते एका सर्टिफिकेटच्या प्रवासावरून कळेल. विकणाऱ्याने शंभर शेअरचं सर्टिफिकेट आणि त्याला टाचलेलं सही केलेलं ट्रान्सफर डीड, म्हणजे हस्तांतराचा फॉर्म, ब्रोकरला द्यायचं. ब्रोकरने ते क्लिअरिंग हाउसमध्ये न्यायचं, तिथून खरेदीदाराच्या ब्रोकरकडे, तिथून खरेदीदाराकडे. खरेदीदाराने डीडवर आपलं नाव घालायचं, सौद्याच्या किमतीवर शंभर रुपयांना पन्नास पैसे या दराने शेअर ट्रान्सफर स्टॅम्प चिकटवायचे, ते रद्द करायचे आणि रजिस्टर्ड पोस्टाने कंपनीकडे किंवा तिचं भागधारकांचं रजिस्टर सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारकडे पाठवायचं. रजिस्ट्रारकडचा कारकून विकणाऱ्याची सही आपल्याकडच्या नमुन्याशी ताडून बघणार. सही जुळली, तर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला नवं नाव चढवून परत पोस्टाने रवाना. यात महिने जायचे.

आणि सही जुळली नाही तर? वीस वर्षांपूर्वी कॉलेजात असताना केलेली सही आणि आजची सही यांत फरक पडणारच. मग कंपनीचा 'ऑब्जेक्शन मेमो' यायचा आणि तीच सगळी साखळी उलट्या दिशेने चालू व्हायची. या प्रकाराला बाजारात 'बॅड डिलिव्हरी' म्हणत. डीडवरची तारीख उलटून गेली, स्टॅम्प कमी पडला, प्रत्येक शेअरला असलेल्या डिस्टिंक्टिव्ह नंबरातला एक आकडा चुकला, अशी कुठलीही क्षुल्लक बाब डिलिव्हरी बॅड ठरवायला पुरे व्हायची.

त्यात आणखी एक मेख होती. डीडवर खरेदीदाराचं नाव कोरं ठेवायची सर्रास प्रथा होती. कोरं डीड टाचलेलं सर्टिफिकेट मुदत आहे तोवर एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात फिरत राहायचं, कंपनीला त्याची गंधवार्ताही नसायची. पाचव्या-सहाव्या माणसाने नावावर करायला टाकल्यावर कळायचं की मूळ सर्टिफिकेट चोरीचं आहे किंवा चक्क छापलेलं बनावट आहे. तोवर भाव कुठल्या कुठे गेलेला आणि मधले सगळे हात झटकून मोकळे.

मोठ्या संस्थांची अडचण वेगळीच. एक लाख शेअर घेतले, तर शंभराच्या लॉटने ती १,००० सर्टिफिकेटं. प्रत्येक सर्टिफिकेट मोजायचं, नंबर उतरवायचे, डीड तपासायचं, तिजोरीत ठेवायचं. संस्थांचे शेअर सांभाळणाऱ्या कस्टोडियन बँकांचा कर्मचारीवर्ग यातच खपायचा. परदेशी गुंतवणूकदार भारताबद्दल जी तक्रार करत, तीत कंपन्यांच्या नफ्याबरोबरच या कागदाच्या डोंगराचाही हिस्सा मोठा होता.

कोणते मार्ग होते

पहिला सोपा मार्ग म्हणजे माणसं वाढवणं. दुसरा, कागद कमी करण्यासाठी 'जंबो' सर्टिफिकेट काढणं, म्हणजे हजारो शेअरचा एकच कागद. संस्थांनी ते करूनही बघितलं, पण विकायची वेळ आली की जंबो पुन्हा फोडावं लागायचं.

तिसरा मार्ग अमेरिकेने दाखवलेला होता. १९६८ मध्ये वॉल स्ट्रीटवर कागदपत्रं इतकी तुंबली की न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजला काही महिने बुधवारी बाजार बंद ठेवावा लागला. त्यातून १९७३ मध्ये तिथे डिपॉझिटरी उभी राहिली. तिची पद्धत अशी की सर्टिफिकेटं एका तिजोरीत आणून ठेवायची आणि मालकी फक्त वहीत बदलायची. कागद शाबूत, पण जागचा हलत नाही.

भारताने चौथा मार्ग निवडला: कागदच रद्द करायचा. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय तो हाच. कारण तिजोरीतला कागद शिल्लक राहिला की वाद झाल्यावर सगळे पुन्हा त्याच्याकडे धावतात.

पण कागद फाडायचा, तर त्याच्या जागी जे येईल त्याला कायद्याचं बळ हवं. सप्टेंबर १९९५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९९६ मध्ये डिपॉझिटरीज कायदा झाला. त्यात ठरलं ते थोडक्यात असं. डिपॉझिटरीत ठेवलेल्या शेअरला स्वतंत्र नंबर नसेल. तुमचे शंभर आणि माझे शंभर यांत फरक नाही, बँकेतल्या शंभर रुपयांसारखंच. कंपनीच्या दप्तरी नोंद डिपॉझिटरीच्या नावाने असेल, पण लाभांश, मतदान, बोनस हे सगळे हक्क खातेदाराचे. आणि डिपॉझिटरीच्या किंवा तिच्या प्रतिनिधीच्या हलगर्जीपणामुळे खातेदाराचं नुकसान झालं, तर डिपॉझिटरीने ते भरून द्यायचं. शिवाय डिमॅट व्यवहारांना मुद्रांक शुल्क माफ झालं. शंभराला वाचणारे ते पन्नास पैसे मोठ्या संस्थांना डिमॅटकडे वळवायला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडले असणार, असं मला वाटतं.

आपल्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये नेमकं हेच नसतं. ती कागदाची प्रतिमा असते, हक्क कागदातच राहतो. प्रतिमेलाही कायदा बळ देऊ शकतो, नाही असं नाही. चेकचंच बघा. २००२ च्या कायदादुरुस्तीने चेकच्या इलेक्ट्रॉनिक प्रतिमेला मान्यता मिळाली, म्हणून आज दादरच्या शाखेत भरलेला चेक तिथेच थांबतो आणि पुढे फक्त त्याचं चित्र जातं. पण आधी कायदा, मग स्कॅनर, हा क्रम चुकवून चालत नाही.

प्रत्यक्ष काम

आयडीबीआय, युनिट ट्रस्ट आणि नॅशनल स्टॉक एक्स्चेंज यांच्या पुढाकाराने एनएसडीएल ही पहिली डिपॉझिटरी उभी राहिली आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये तिचं काम सुरू झालं. तिचे प्रमुख होते चंद्रशेखर भावे, महाराष्ट्र केडरचे आयएएस अधिकारी, शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीतून आलेले आणि पुढे २००८ मध्ये सेबीचेच अध्यक्ष झालेले. १९९९ मध्ये मुंबई शेअर बाजाराने पुढाकार घेतलेली सीडीएसएल ही दुसरी डिपॉझिटरी आली.

कागद आत घेण्याची रीत मला या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखी वाटते. गुंतवणूकदाराने डीआरएफ म्हणजे डिमॅटचा विनंती अर्ज भरायचा, प्रत्येक कंपनीसाठी वेगळा. सर्टिफिकेटवर जो नावांचा क्रम आहे तोच खात्यावर हवा. डीपीकडचा, म्हणजे डिपॉझिटरीची प्रतिनिधी असलेल्या बँकेतला किंवा ब्रोकरकडचा माणूस त्या कागदावर 'डिमॅटसाठी परत केले' असा शिक्का मारणार आणि कंपनीच्या नावावर पंचिंग मशीनने दोन भोकं पाडणार. ते कागद पोस्टाने रजिस्ट्रारकडे जाणार आणि त्याच वेळी संगणकातून एक क्रमांक असलेली विनंतीही जाणार. रजिस्ट्रार दोन्ही एकमेकांशी आणि आपल्या रजिस्टरशी ताडून बघणार. सगळं जुळलं तरच होकार, आणि होकार आला तरच खात्यात शेअर जमा.

म्हणजे कागद संगणकात शिरताना एकदाच, पण कडक तपासला गेला. बनावट, चोरीचे, दोनदा निघालेले कागद त्या दारातच अडकले. ज्या कंपन्यांची सभासदांची रजिस्टरं गबाळी होती, त्यांना ती झक मारत नीट करावी लागली. शिवाय भोकं पाडल्यामुळे त्या कागदाची बाजारातली फिरती तिथेच संपली. मूळ प्रत जपून ठेवण्याचा आपल्याकडचा जो सोस आहे, त्याला इथे वावच ठेवला नाही.

तरी सुरुवात रखडली. डिमॅट शेअरचे सौदे वेगळ्या विभागात होत आणि तिथे गिऱ्हाईक नसे. गिऱ्हाईक नाही म्हणून कुणी डिमॅट करेना, कुणी डिमॅट करेना म्हणून गिऱ्हाईक येईना. हे कोडं गोडीगुलाबीने सुटलं नाही. जानेवारी १९९८ मध्ये सेबीने आधी आठ कंपन्यांच्या शेअरसाठी फक्त संस्थांना डिमॅट सक्तीचं केलं. या संस्थांकडेच कागदाचा सर्वांत मोठा ढीग होता आणि तो हाताळायला माणसंही होती. जानेवारी १९९९ पासून बारा कंपन्यांपुरती ती सक्ती सगळ्यांना लागू झाली आणि मग यादी वाढत गेली. सगळ्यांना एकदम वेठीला धरलं असतं, तर फोर्टात मोर्चे निघाले असते!

कुणाला काय मिळालं

सर्वांत दिसणारा फायदा वेळेचा. कागदी जमान्यात आठवडाभराचे किंवा त्याहून जास्त दिवसांचे सौदे साठवून एकदम निकाली काढत. डिमॅट रुळल्यावर रोजचा सौदा रोज मोजणं शक्य झालं. शेअर आणि पैसे हातात पडायला २००१ मध्ये सौद्यानंतर पाच दिवस लागत, एप्रिल २००२ मध्ये तीन, एप्रिल २००३ मध्ये दोन आणि जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरसाठी फक्त एक दिवस. भारत त्या बाबतीत अमेरिकेच्याही आधी पोचला. तिथे एक दिवसाची पद्धत मे २०२४ मध्ये आली. कागद शिल्लक असता तर यातलं काहीही झालं नसतं.

कंपन्यांना मिळालेला फायदा कमी बोलला जातो. बोनस द्यायचा म्हणजे लाखो सर्टिफिकेटं छापा, त्यांवर सह्या करा, रजिस्टर्ड पोस्ट करा, परत आलेली पाकिटं सांभाळा. हरवल्याची तक्रार आली की पोलिसांत नोंद, इंडेम्निटी बॉण्ड, वर्तमानपत्रात जाहिरात आणि मग डुप्लिकेट. हा सगळा रगाडा गेला, बोनस एका फायलीने खात्यांत जमा होऊ लागला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे 'बेनपॉस'. डिपॉझिटरीकडून ठरावीक काळाने येणारी खातेदारांची ही यादी बघून कंपनी सेक्रेटरीला आज कळतं की गेल्या आठवड्यात कुणी शेअर गोळा केले आणि कोण बाहेर पडलं. कोऱ्या डीडच्या काळात कंपनीला आपला मालक कोण हेच महिनोन्‌महिने ठाऊक नसे.

दर तिमाहीला मेळही घालावा लागतो. एनएसडीएलमधले शेअर, सीडीएसएलमधले शेअर आणि उरलेले कागदी शेअर यांची बेरीज कंपनीने काढलेल्या एकूण शेअरइतकी आहे का, हे सीए किंवा सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरीकडून तपासून घेणं लिस्टेड कंपनीला बंधनकारक आहे. डिजिटल नोंदीवरचा विश्वास या कंटाळवाण्या बेरजेवर उभा आहे. कागद डिजिटल करणाऱ्या किती ऑफिसांत अशी बेरीज होते, हा प्रश्न विचारून बघा.

लहान गुंतवणूकदाराला काय मिळालं? एकेक शेअर घेता-विकता येऊ लागला, पन्नास-शंभराच्या लॉटची आणि सुट्या शेअरवर पडणाऱ्या कटौतीची पीडा गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये देशातल्या डिमॅट खात्यांनी १० कोटींचा आकडा ओलांडला. सर्टिफिकेटं पोस्टाने येत असती तर त्याचा दहावा भागही झेपला नसता. पण खर्चही त्याच्याच खिशात आला. कागद कपाटात फुकट राहायचा. डिमॅट खात्याला वार्षिक शुल्क लागतं, विकताना वेगळं शुल्क लागतं. मुद्रांकाची माफीही कायमची राहिली नाही. १ जुलै २०२० पासून डिलिव्हरीच्या खरेदीवर ०.०१५ टक्के शुल्क लागतं, अर्थात पूर्वीच्या मानाने किरकोळ.

कागदाबरोबर लबाडी गेली का

गेली नाही, जागा बदलली. २००३ ते २००५ या काळातल्या आयपीओंमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रींत, छोट्या गुंतवणूकदारांसाठी राखलेला कोटा लाटण्यासाठी काही मंडळींनी खोट्या नावांची हजारो डिमॅट खाती उघडली होती. कागदाच्या जमान्यात त्यासाठी खोट्या सह्या ठोकाव्या लागल्या असत्या, आता फॉर्म भरले की झालं. मात्र पकडले गेले तेही डिजिटल नोंदींमुळेच, कारण एकाच पत्त्यावर शेकड्यांनी खाती असल्याचं याद्या चाळल्यावर उघड झालं. त्यानंतर डिमॅट खात्याला पॅन सक्तीचा झाला.

२०१९ मध्ये हैदराबादच्या एका मोठ्या ब्रोकरने ग्राहकांकडून घेतलेल्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून त्यांचे शेअर गहाण टाकल्याचं बाहेर आलं. सेबीचा आदेश २२ नोव्हेंबरचा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ८० हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परतले होते. कुणाचे किती, हा प्रश्नच उरला नव्हता, कारण प्रत्येक हालचालीची नोंद होती. हाच प्रकार १९९३ मध्ये पोत्यांतल्या सर्टिफिकेटांबाबत झाला असता, तर आज त्या ग्राहकांचे नातू कोर्टाच्या पायऱ्या चढत असते. यातून धडा घेऊन मुखत्यारपत्राची पद्धत आवळली गेली आणि विक्रीला मोबाइलवरच्या ओटीपीची जोड मिळाली.

जे कागद मागे राहिले

कंपनीच्या सोयीचा निर्णय कुणाच्या तरी गैरसोयीवर उभा असतो, ते या प्रकरणात शेवटी शेवटी दिसतं. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली सर्टिफिकेटं, त्यांवर आजोबांचं नाव 'डी. व्ही.' असं आद्याक्षरांनी, आधारवर पूर्ण, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच. १ एप्रिल २०१९ पासून लिस्टेड कंपन्यांचे कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करणं बंद झालं. वारसाहक्काने नाव लावता येतं, पण २०२२ पासून त्यातही नवं सर्टिफिकेट मिळेनासं झालं. त्याऐवजी तेव्हा पुष्टिपत्र आलं, १२० दिवसांत त्यावरून डिमॅट करून घ्यायचं. सलग सात वर्षं लाभांश घेतलाच नाही, तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात आणि तिथून सोडवून आणणं हा कागदपत्रांचा वेगळाच उद्योग आहे. गंमत म्हणजे कागद संपवणाऱ्या व्यवस्थेत शिरण्यासाठी सर्वांत जास्त कागद याच लोकांना जोडावे लागतात. जुलै २०२५ मध्ये सेबीला सहा महिन्यांची खास खिडकी उघडावी लागली: २०१९ पूर्वी दाखल होऊन त्रुटींमुळे परत आलेली ट्रान्सफर डीडं पुन्हा देण्यासाठी. एनएसडीएल सुरू होऊन तोवर २८ वर्षं उलटली होती.

आता हीच पाळी आपल्या ओळखीतल्या कंपन्यांवर आली आहे. ऑक्टोबर २०२३ च्या नियमाने, 'लहान कंपनी'च्या व्याख्येत न बसणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांनाही शेअर डिमॅट करणं बंधनकारक झालं. मुदत आधी सप्टेंबर २०२४ ची होती, ती जून २०२५ पर्यंत वाढली. चाकण, सातपूर, गोकुळ शिरगाव इथल्या एमआयडीसींत अशा घरगुती कंपन्या भरपूर आहेत. शेअर दोन भावांत, वहिनींत आणि एका जुन्या भागीदारात वाटलेले. सर्टिफिकेटं छापली होती की नाही, यावरच एकमत नसतं. डिमॅट झाल्याशिवाय अशा कंपनीला नवे शेअर, बोनस किंवा राइट्स (आहे त्याच भागधारकांना देऊ केलेले शेअर) काढता येत नाहीत आणि भागधारकाला आपला हिस्सा दुसऱ्याला देता येत नाही.

त्यासाठी रजिस्ट्रार नेमणं, डिपॉझिटरीशी करार, आयएसआयएन हा शेअरचा ओळखक्रमांक घेणं ही कामं सीएसकडून होऊन जातात. अडतं ते त्याच्या आधी. सभासदांचं रजिस्टर, वार्षिक विवरणपत्रं आणि हातातली सर्टिफिकेटं एकमेकांशी जुळत नाहीत, एखादं जुनं हस्तांतर बोर्डाच्या ठरावात आहे पण रजिस्टरात चढलेलं नाही, असं निघतं. ते निस्तरायला बसावं लागतं ते थोरल्या काकांना, कारण १९९४ साली कुणाला किती शेअर द्यायचे ठरले होते, हे त्यांनाच आठवतं.